चुकीच्या उत्तरामागचा हिशेब

मुलगी सहावीत आहे. ४.२५ आणि ४.५ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारलं की ४.२५ म्हणते. शेवटी शून्य लावून बघ, असं दहादा सांगितलं. तेवढ्यापुरतं जमतं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
– एक आई, सांगली

तिला आता ४.६३ आणि ४.२ यांतली मोठी संख्या विचारून बघा. ४.६३ म्हणेल, आणि तेही न अडखळता. म्हणजे ती ठोकून देत नाहीये. तिच्याकडे एक नियम आहे: टिंबानंतर अंक जास्त, ती संख्या मोठी. पूर्ण संख्यांच्या जगात हा नियम पहिलीपासून तिला एकदाही फसवून गेलेला नाही, मग तिने तो का सोडावा?

ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनले यांनी अशा निवडक जोड्या देऊन हजारो मुलांच्या उत्तरांचा अभ्यास केला. त्यात नेमका उलटा नियम चालवणारी मुलंही सापडली. शतांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून ज्यात शतांश आहेत ती संख्या लहान, असा त्यांचा तर्क. ही मुलं ४.५ ला मोठी म्हणतात आणि बरोबरची खूण घेऊन सुटतात. ४.६३ आणि ४.२ ची जोडी समोर येईपर्यंत बाईंना पत्ताही लागत नाही. मला तुमच्या मुलीपेक्षा या मुलांची काळजी जास्त वाटते.

शून्य लावण्याची युक्ती का टिकत नाही? ४.५० आणि ४.२५ झालं की मुलगी ५० आणि २५ ची तुलना करते, म्हणजे पुन्हा पूर्ण संख्याच. रुपये-पैशांचं उदाहरणही इथे फारसं कामाचं नाही, कारण चार रुपये आणि पंचवीस पैसे या तिच्या लेखी दोन सुट्या संख्या असतात. त्याऐवजी वहीच्या पानभर लांब रेघ काढा. एका टोकाला ४, दुसऱ्याला ५, मध्ये दहा सारखी घरं. ४.२ आणि ४.३ मधल्या घराचे तिलाच पुन्हा दहा भाग करू द्या आणि मग ४.२५ वर बोट ठेवायला सांगा. शिवाय घरात कुणी ‘चार पूर्णांक पंचवीस’ असं वाचत असेल तर ‘चार पूर्णांक दोन पाच’ असं वाचायची सवय लावा.

बारावीत आहे. नोट्स चार-चार वेळा वाचते, हायलाइट करते. वाचताना सगळं येतं, पेपर हातात पडला की काही आठवत नाही.
– एक विद्यार्थिनी, नाशिक

चौथ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा झालेला असतो, आणि त्या ओळखीलाच तू ‘येतं’ म्हणतेस. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के, लिहिणारे ७५. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. आणि पुढे आपल्याला चांगलं आठवेल, ही खात्री मात्र परत परत वाचणाऱ्यांनाच जास्त होती!

तेव्हा एकदा नीट वाच, वही मिट, कोऱ्या कागदावर लिही, मग वही उघडून काय सुटलं ते बघ. तोच भाग तीन-चार दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला हे फार रटाळ आणि जरा अपमानास्पद वाटेल, कारण अर्धं आठवणार नाही. हायलाइटर मैत्रिणीला देऊन टाक.

क्लासवाल्यांनी बोटांचे ठसे घेऊन मुलगा ‘बघून शिकणारा’ आहे असा अहवाल दिला. त्याप्रमाणे वेगळी बॅच घ्यावी का?
– एक वडील, कल्याण

नको. बोटांच्या ठशांवरून शिकण्याची रीत कळते याला आधार नाही. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे अशी विभागणी करून शिकवलं तर फायदा होतो का, हे हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन चाळून तपासलं. तसं म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. भूमितीत आकृती सगळ्यांनीच बघायची असते आणि कवितेची चाल सगळ्यांनीच ऐकायची असते.

मंडईत भाजी विकणारा बारा वर्षांचा मुलगा पावणेदोन किलोचा हिशेब तोंडी करतो, शाळेत मात्र गणितात नापास. मग शाळेचं गणित कशाला?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

हाच प्रश्न ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांना पडला होता. त्यांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून त्यांनी रस्त्यावर विकणाऱ्या मुलांना हिशेब विचारले: ९८ टक्के उत्तरं बरोबर. त्याच आकड्यांची शाब्दिक उदाहरणं दिली: ७४ टक्के. नुसती मांडलेली गणितं दिली: ३७ टक्के. मुलं पाचच होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यातला एक हिशेब वाचण्यासारखा आहे. नारळ ३५ ला एक, दहांचे किती? मुलगा म्हणाला, तीनचे १०५, आणखी तीनचे मिळून २१०, अजून चार हवेत… ३१५… ३५०. शाळेत ‘शून्य लावा’ म्हणून मोकळं झालो असतो. या पोराने मात्र दहाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा गुणाकार केला आणि बेरीज केली, म्हणजे वितरणाचा नियम वापरला, त्याचं नाव न ऐकता.

आता दुसरी बाजू. २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या कितीतरी अधिक मुलांवरचा अभ्यास मांडला. बाजारातली मुलं पुस्तकी गणितात अडखळली, आणि शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबात. त्यामुळे शाळेचं गणित मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. ओळखीच्या भावांपलीकडचा व्यवहार आला की त्या मुलालाही कागदावरची रीत लागणारच. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीत घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या मुलांचं गणित अभ्यासलं आहे. अशा मुलाच्या शिक्षकांनी ‘हे कसं काढलंस?’ एवढं विचारून त्याचीच पद्धत फळ्यावर मांडली, तर पुढची रीत त्याला परकी वाटणार नाही.

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. मुलं सीईटीची गणितं सोडवतात. पण वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्यावर बल किती, तर ‘शून्य’ म्हणतात.
– एक शिक्षक, लातूर

सर, चेंडूवर तिथेही गुरुत्वाकर्षणाचं बल असतंच, पण हार्वर्डमध्येही हेच झालं. डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांची, बलाच्या संकल्पना तपासणारी प्रश्नावली १९९२ मध्ये आली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही. तशाच धर्तीचे आधीचे प्रश्न हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी आपल्या वर्गाला दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला वाटतं तशी? ‘गती आहे तिथे बल, गती थांबली की बल संपलं’ ही समजूत सायकल मारून, गाडा ढकलून पक्की झालेली असते. सूत्र तिच्या शेजारी जाऊन बसतं, तिला हलवत नाही. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. शिकवण्याआधी जे येत नव्हतं त्यातलं नुसत्या व्याख्यानाने सरासरी २३ टक्केच भरून निघालं, मुलांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के.

ऐंशी मुलांच्या वर्गातही माझुर यांची रीत चालते. तुमचा चेंडूचाच प्रश्न चार पर्यायांसह फळ्यावर लिहा. प्रत्येकाने बोटांनी, छातीशी हात धरून पर्याय दाखवायचा, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. तीस टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर पुन्हा शिकवा, सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. मधे असतील तर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याला पटवू द्या आणि परत हात वर करायला लावा. पोर्शन मागे पडेल ही धास्ती रास्त आहे. माझुर यांनी त्यासाठी धडा आधी घरी वाचून यायला सांगितलं. तुमच्याकडे मुलं वाचून येतील का, हा वेगळा प्रश्न. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकच असा प्रश्न घ्या आणि न्यूटनच्या पहिल्या नियमापासून सुरुवात करा.