बाबांचा जुना कॉम्प्युटर सुरू होताना 'एफ१ दाबा' म्हणून थांबतो, पण कीबोर्डच चालत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बाबांचा २००६ सालचा कॉम्प्युटर चार वर्षं माळ्यावर पडून होता. आता लावला तर काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' असं येतं, खाली एफ१ किंवा डेल (म्हणजे डिलीटचं बटण) दाबायला सांगतो आणि तिथेच थांबतो. दोन यूएसबी कीबोर्ड लावून पाहिलेत, दोन्ही लॅपटॉपला चालतात, इथे नाहीत. आणि आत बाबांनी काढलेले फोटो आहेत.

आधी फोटोंचं सांगतो, कारण खरी काळजी तीच आहे. फोटो हार्ड डिस्कवर असतात आणि हा मेसेज हार्ड डिस्कबद्दल नाही. त्यामुळे कोणी 'फॉरमॅट मारून देतो' म्हणालं तर मशीन त्याच्या हातात देऊ नका. तिसरा कीबोर्डही आणू नका.

संशय आहे तो मदरबोर्डवरच्या गोल चपट्या सेलवर. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम. प्लग काढलेला असतो तेव्हा तारीख, वेळ आणि बायोसची सेटिंग्ज सीमॉस नावाच्या मेमरीत त्या सेलच्या जोरावर टिकतात. सेल मेला की बोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. त्या काळातल्या कितीतरी बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' बंदच असायचा, कारण घरोघरी गोल पिनचे, म्हणजे पीएस/२ कीबोर्ड होते. विंडोज एकदा सुरू झालं की ते स्वतःच्या ड्रायव्हरने यूएसबी ओळखतं. त्याआधी सगळा कारभार बायोसचा. म्हणून जो कीबोर्ड त्याला दिसत नाही, त्याच्यावरच तो एफ१ मागत बसतो.

मी एका शाळेची कॉम्प्युटरची खोली सांभाळतो. मे महिन्याच्या सुट्टीत तिथला मेन स्विच बंद असतो. एका जूनमध्ये खोली उघडली तर चार मशीन नेमकी याच मेसेजवर अडकलेली. मीही दुपारभर कीबोर्डच बदलत होतो. मग लक्ष गेलं दिव्यांकडे. गोल पिनचा कीबोर्ड असलेल्या मशीनचं बटण दाबलं की नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक हे तिन्ही दिवे एकदम लुकलुकायचे. अडकलेल्या चारही मशीनला यूएसबी कीबोर्ड होते आणि नम लॉक कितीही दाबला तरी दिवा ढिम्म. तुम्हीही हे करून बघा. दिवा बदलत नसेल, तर बायोसने कीबोर्ड ओळखलेलाच नाही.

आता उपाय. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, आतल्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं असेल. २० म्हणजे २० मिमी व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिमी जाडी. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बाजूची क्लिप नखाने हलकेच सरकवली की सेल वर उसळतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मल्टिमीटर असेल तर मोजून घ्या, चांगला सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. सेल आधी बदला, नाहीतर पुढची सगळी मेहनत प्लग काढताच पुसली जाईल.

मग गोल पिनचा एक कीबोर्ड मिळवा. शेजारी, शाळेत, जुन्या सामानाच्या दुकानात कुठेतरी पडलेला असतोच. मागच्या जांभळ्या खाचेत लावा. हिरवी माऊसची असते. मशीन पूर्ण बंद असतानाच लावा. ही खाच चालू मशीनला लावण्या-काढण्यासाठी बनवलेलीच नाही, त्यात पोर्टचा फ्यूज जाऊ शकतो. आतल्या सहा बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, तेही उजेडात बघून घ्या, जोर लावू नका.

चालू करून डेल दाबा. 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' नावाच्या पानात 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' किंवा 'लेगसी यूएसबी सपोर्ट' सापडेल, ते 'एनेबल्ड' करा. तारीख-वेळ भरा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षेची तक्रार करेल. एफ१० दाबून सेव्ह करा. यानंतर तुमचा यूएसबी कीबोर्ड सुरुवातीपासून चालायला हवा.

गोल पिनचा कीबोर्ड मिळालाच नाही, तर यूएसबीवाला मागच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टला लावून एकदा बघा. पुढचा पोर्ट, हब, वायरलेस कीबोर्ड नको. यूएसबी कीबोर्ड गोल खाचेत लावायचं छोटं हिरवं-जांभळं कन्व्हर्टर मात्र सगळ्यांना चालत नाही. कीबोर्डला स्वतःला यूएसबी आणि पीएस/२ या दोन्ही भाषा येत असतील तरच उपयोग. नव्या स्वस्त कीबोर्डांवर त्याचा भरवसा धरू नका.

विंडोज सुरू होताना निळा पडदा आला तर घाबरू नका. मूळ सेटिंगवर जाताना डिस्कचा मोड बदललेला असू शकतो. बायोसमध्ये आयडीई आणि एएचसीआय असे डिस्कशी बोलण्याचे दोन मोड दिसले, तर आत्ता निवडलेला नसेल तो निवडून बघा.

आणि एवढं करूनही मशीन उठलं नाही, तर हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडा. दुकानात जाण्यापूर्वी डिस्कच्या मागचा फोटो काढून न्या: रुंद पट्टीची केबल आणि दोन ओळी पिना असतील तर आयडीई, अरुंद चपटा कनेक्टर असेल तर साटा. दोन्हींचे कनेक्टर वेगळे असतात, अडॅप्टर त्याला जुळणारा हवा.