केप व्हर्दला पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघा

पश्चिम आफ्रिकेजवळ, अटलांटिक महासागरातल्या या देशात दहा बेटं आहेत म्हणून सगळी पालथी घालायची, हा हट्ट आधी सोडा. आठवड्याभरात दोन पुरे. बेटांमधली विमानं वेळेवर सुटतीलच असं नाही, त्यामुळे शेवटचा मुक्काम जिथून परतीचं विमान आहे त्याच बेटावर ठेवा. नवखे नेमके इथेच फसतात.

दुसरी चूक म्हणजे फक्त साल बेटावरच्या रिसॉर्टात राहून परतणं. किनारे झकास आहेत, पण गावगाडा दिसत नाही. माझं ऐकाल तर सांव व्हिसेंत बेटावरच्या मिंदेलोला उतरा. गायिका सेझारिया एव्होराचं हे शहर, संध्याकाळी मोर्ना (इथली संथ, हुरहुर लावणारी गाणी) ऐकायला मिळते. तिथून फेरीबोटीने साधारण तासाभरात सांतू आंतांव बेट. डोंगरवाटा तुडवायची हौस तिथे मनसोक्त भागते. (फोगू बेटावरचा २,८२९ मीटर उंच ज्वालामुखी पुढच्या खेपेला!)

बाकी थोडक्यात:

- युरो न्या; इथलं चलन एस्कुदो देशाबाहेर मिळणं कठीण.
- १९७५ला पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळालं तरी सरकारी भाषा पोर्तुगीजच; घराघरांत मात्र क्रिओल ही इथली मिश्र भाषा. दोन-चार शब्द शिकून जा, माणसं खुलतात.
- शाकाहारी असाल तर काशुपा मागवण्याआधी विचारा. मका-घेवड्याच्या या रश्शात बहुधा मांस किंवा मासळी असते.