आठ किलोओहमचं रीडिंग बरोबरच आहे

प्रश्न: मी पुण्यात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमधला एमिटर कपॅसिटर काढला. सिरीज फीडबॅकमुळे, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटच्या विरोधात परत आल्यामुळे, इनपुट रेझिस्टन्स (येणाऱ्या सिग्नलला दिसणारा रेझिस्टन्स) ३०० किलोओहम यायला हवा होता, आला ८. अ‍ॅनालॉग सोडून सॉफ्टवेअरकडे वळू का?

उत्तर: या एका रीडिंगवरून मुळीच वळू नकोस, कारण ते बरोबर आहे. तुझ्या सर्किटमध्ये १२ व्होल्ट सप्लाय, बेसचं व्होल्टेज ठरवणारे ४७ आणि १० किलोओहमचे बायस रेझिस्टर, एमिटरला १.५ किलोओहम. ट्रान्झिस्टरचा करंट गेन २०० धरला तर बेसचा स्वतःचा रेझिस्टन्स खरंच ३०० किलोओहमच्या वर जातो. पण बायसचे दोन्ही रेझिस्टर फीडबॅकच्या लूपबाहेर, इनपुटला पॅरलल बसलेत. त्या दोघांचेच मिळून सव्वाआठ किलोओहम होतात; फीडबॅक कितीही वाढवला तरी त्यापुढे जाता येत नाही. कपॅसिटर परत लाव, रीडिंग सव्वातीनच्या आसपास येईल. फीडबॅकचं काम तिथे दिसतं.

आता ही मर्यादा ओलांडायला एमिटर कपॅसिटर पुन्हा काढ आणि बूटस्ट्रॅपिंग करून बघ, म्हणजे एमिटरचा सिग्नल बायसलाही परत दे. दोन बायस रेझिस्टर जिथे जुळतात त्या जोडापासून बेसपर्यंत थेट वायरऐवजी २२ किलोओहम टाक आणि एमिटरपासून त्या जोडाला १० मायक्रोफॅरड लाव, प्लस बाजू जोडाकडे. २२ च्या जागी १०० किलोओहम टाकलास तर बेस करंटमुळे अर्धा व्होल्ट तिथेच पडेल आणि बायस बिघडेल. १ किलोहर्ट्झला इनपुट रेझिस्टन्स २०० किलोओहमच्या घरात यायला हवा.

मोजताना घोटाळा होतो तो ऑसिलोस्कोपच्या प्रोबमुळे. एक-एक्स (सिग्नल कमी न करता देणाऱ्या) प्रोबचा १ मेगओहम बेसवर पॅरलल येतो आणि रीडिंग सहावा हिस्सा कमी दिसतं. म्हणून प्रोब आउटपुटलाच ठेव. सिग्नल जनरेटर थेट जोडून आउटपुट घे, मग मध्ये २२० किलोओहम टाकून पुन्हा घे. दुसरं रीडिंग भागिले दोन्हींतला फरक, गुणिले २२०: हे उत्तर किलोओहममध्ये. सिग्नल १०० मिलिव्होल्ट पुरे. पार्ट पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतील.

करिअरचं म्हणशील तर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये (मोजमापाच्या उपकरणांत) इनपुट रेझिस्टन्सचा हाच प्रश्न रोजचा. पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स शेकडो मेगओहम असतो, तिथे इनपुट रेझिस्टन्स त्याहून खूप मोठा लागतो. आरएफमध्ये (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या सर्किटमध्ये) उलट, बहुतेक ठिकाणी ५० ओहमला जुळवायचं असतं. मुलाखतीला जाताना इनपुट रेझिस्टन्सचं सूत्र पाठ असेलच. सोबत तुझी तिन्ही रीडिंग आणि प्रत्येकाचा हिशोब एका पानावर लिहून ने.