गावाकडच्या ऑस्ट्रेलियात डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स: मुलुंडच्या एका ताईंना उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांना न्यू साउथ वेल्समधल्या एका शेतीच्या गावात ४८२ या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर नोकरी मिळाली आहे, आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे, मधुमेह असलेल्या सासूबाई काही महिन्यांसाठी येऊन राहणार आहेत, आणि गावाबाहेर घर घेतले तर आजारपणात कसे निभावेल, असे आपण विचारले आहे. मी मूळचा लालबागचा. गेली नऊ वर्षे याच राज्यात, गावापासून बावीस किलोमीटरवर, गव्हाच्या शेतांमध्ये राहतो.

मुंबईत आपल्याला एक सवय लागलेली असते. चाळीखाली फॅमिली डॉक्टर, नाक्यावर केमिस्ट, आणि रात्री-अपरात्री काही झालेच तर कोणीतरी धावत जाऊन टॅक्सी आणतो आणि आपण थेट केईएम गाठतो. १०८ लावायचे सुचेपर्यंत आपण निम्म्या वाटेवर असतो. इथे ही सवय जाणीवपूर्वक मोडावी लागते. रोग्याला गाडीत घालून निघालात तर वाटेत फोनला रेंज नसते, अंधारात कांगारू आडवे येतात, आणि ज्या रुग्णालयाकडे निघालात तिथे त्या वेळी डॉक्टर असेलच असे नाही. लहान गावांतल्या अनेक रुग्णालयांत रात्री फक्त परिचारिका असतात, डॉक्टर व्हिडिओवरून रोग्याला तपासतात आणि प्रकरण गंभीर असेल तर मोठ्या शहरात हलवण्याची व्यवस्था करतात. म्हणून छातीत दुखणे, श्वास कोंडणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर आधी ०००, म्हणजे इथला आपत्कालीन क्रमांक, लावावा.

तीन वर्षांपूर्वी माझे वडील इथे आले असताना रात्री दोनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला आणि छातीत दुखू लागले. ००० वर पहिला प्रश्न येतो तो पोलीस, फायर की अ‍ॅम्ब्युलन्स एवढाच. अ‍ॅम्ब्युलन्सशी जोडून दिल्यावर पत्ता विचारला गेला, आणि मी मुंबईच्या पद्धतीने ‘धान्याच्या सायलोच्या पुढे, मोठ्या निलगिरीपाशी’ असे सांगू लागलो. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, फाटकावरचा क्रमांक सांगा. तो मला आठवेना. पत्नीने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरून वाचून दाखवला: १८४६. या ग्रामीण क्रमांकाला अर्थ असतो. रस्ता जिथे सुरू होतो तिथून दर दहा मीटरला एक या हिशेबाने तो दिलेला असतो, म्हणजे आमचे फाटक १८.४६ किलोमीटरवर, आणि क्रमांक सम असल्याने उजव्या हाताला. शेजाऱ्याने आपली गाडी फाटकाशी आणून दिवे लुकलुकते ठेवले. अ‍ॅम्ब्युलन्सला चाळीस मिनिटे लागली, पण तेवढा सगळा वेळ ती बाई फोनवर होती. वडिलांना कशाची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारून तिने अ‍ॅस्पिरिन चघळायला सांगितली आणि त्यांचा श्वास कसा चालला आहे ते आमच्याकडून सतत जाणून घेतले. वडील वाचले. त्यामुळे घर पक्के झाले की त्याच दिवशी फाटकाचा क्रमांक, रस्त्याचे नाव आणि गावाचे नाव घरातल्या प्रत्येकाकडून, आपल्या मुलाकडूनही, तोंडपाठ करून घ्यावे. इंग्रजी अडले तर दुभाष्याची सोय आहे. ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ हा शब्द आणि आपल्या भाषेचे नाव सांगावे.

फोनविषयी एक गोष्ट निक्षून सांगतो. ऑस्ट्रेलियातले थ्रीजी जाळे २०२४ मध्ये बंद झाले, आणि फोरजीवरून आपत्कालीन कॉल करू न शकणारे फोन इथल्या कंपन्या बंद करतात. भारतात घेतलेले काही फोन, अगदी नवेसुद्धा, यात सापडतात. सासूबाईंचा फोन इथे आल्यावर कंपनीकडून नक्की तपासून घ्यावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ००० दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागतो. कोणाचीच रेंज नसेल तर मात्र लागत नाही.

आता पैशांचे. मेडिकेअर ही इथली सरकारी योजना ४८२ व्हिसावरच्या भारतीयांना सहसा लागू होत नाही. भारताशी तसा परस्पर करार नाही. खाजगी विमा व्हिसाच्या अटीनेच घ्यावा लागतो, आणि बहुतेक पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांना व बाळंतपणाला बारा महिने थांबावे लागते. अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअर असणाऱ्यांनाही मिळत नाही. क्वीन्सलँडच्या रहिवाशांना ती मोफत आहे, न्यू साउथ वेल्समध्ये बिल येते. माझ्या वडिलांची प्रवास-पॉलिसी आम्ही मुंबईत घाईने घेतली होती. त्यांचा रक्तदाब जुना असल्याचे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला आणि ती रक्कम आम्ही पुढे दीड वर्ष फेडली. सासूबाईंच्या पॉलिसीत मधुमेह लिहून जाहीर करावा आणि तो मान्य झाल्याचे लेखी घ्यावे, मगच तिकीट काढावे.

मुलासाठी आल्या-आल्या जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, गाठावा. बऱ्याच गावांत जीपी नवे पेशंट घेत नाहीत, म्हणून मुंबईहूनच फोन करून नाव नोंदवता आले तर पाहावे. विशेषज्ञांकडे जीपीच्या चिठ्ठीनेच जाण्याची इथे रीत आहे. औषधे जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणता येतात. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. अस्थालिन म्हटले तर इथे कोणाला कळणार नाही, साल्ब्युटामॉल म्हटले की लगेच कळते, आणि तो निळा पंप फार्मासिस्ट चिठ्ठीशिवायही देतो. रोज घ्यायचा पंप मात्र चिठ्ठीवरच मिळतो आणि तो चुकवू नये. इथे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गवताच्या परागकणांमुळे वादळी हवेत दमा एकदम उसळतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मेलबर्नला एका संध्याकाळच्या अशा वादळानंतर दहा माणसे दगावली. त्या दिवसांत वादळाचा इशारा आला की मुलाला घरात, खिडक्या लावून ठेवावे.

सापांविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. घोणस-फुरशांमुळे आपल्याकडे घट्ट पट्टी बांधू नये असे सांगतात. इथे उलट आहे: साप चावलेल्या संपूर्ण हातावर किंवा पायावर रुंद दाबपट्टी गुंडाळायची, फळी बांधून तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि जखम धुवायची नाही, कारण त्या जागेवरच्या विषाचा नमुना तपासणीला उपयोगी पडतो. रोग्याला चालवूही नये. दोन रुंद पट्ट्या गाडीत आणि दोन घरात ठेवाव्यात.

घर बघताना भाड्याआधी एजंटला विचारा: जवळचे रुग्णालय किती किलोमीटरवर, तिथे रात्री डॉक्टर असतो का, आणि घरात फोनची रेंज कुठल्या कंपनीची येते. यजमानांच्या गावाचे नाव कळवलेत, तर तिथल्या रुग्णालयात फोन करून पहिले दोन प्रश्न मी स्वतः विचारतो.