मगर जेवते कधी?

प्रश्न : काकू, मी मांजलपूरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मित्रांसाठी स्वतःचा फँटसी रोलप्लेइंग गेम लिहितोय, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट खेळायची. त्यात नदीतला एक मगरदैत्य केला, 40 हिट पॉइंट (म्हणजे जीव, घावागणिक कमी होणारा) आणि आर्मर 15 (म्हणजे चिलखत). चौघांनी मिळून त्याला तिसऱ्या राऊंडलाच गार केला. पुढच्या रविवारी 90 पॉइंट दिले, तर सगळे नुसते फासे टाकत बसले आणि एकाने मोबाइल काढला. नेमका आकडा किती ठेवू?

उत्तर : अरे, मोबाइल निघाला तिथेच कळलं की दुखणं आकड्याचं नाही. पण तू इंजिनिअर होणार, तेव्हा आधी हिशोब करू. तुझ्या पोरांना हल्ल्याच्या फाशात 6 जास्तीचे मिळवता येतात असं धरते. मग वीस बाजूंच्या फाशावर 9 किंवा त्याच्यावर आलं की आर्मर 15 भेदलं. म्हणजे 20 पैकी 12 बाजू, शेकडा 60. एका घावाला सरासरी 8 पॉइंट धर. चौघांचे मिळून राऊंडला साधारण 19 झाले. 40 चा दैत्य तिसऱ्या राऊंडला मरणार, 90 चा पाचव्या. आणि दोन्ही वेळा राऊंडमध्ये त्याची पाळी एकदा, यांची चारदा. तू त्याची ताकद वाढवलीच नाहीस, फक्त मरण लांबवलंस.

मीही हेच करून बसले आहे. माझा पहिला वेताळ 120 पॉइंटचा होता. दांडिया बझारातल्या आमच्या माडीवर शेवउसळ निवून गेली, तर्रीवर साय धरली, तरी वेताळ उभाच. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, ह्याला दुसरं काही काम नाही का?"

तेच मी तुला विचारते. बडोद्याच्या पोराने मगर लिहावी आणि तिने मैदानात उभं राहून तलवारीचे वार झेलावेत, हे काही मला पटत नाही. थंडीच्या दिवसांत दुपारी कमाटीबागेजवळच्या पुलावर जा आणि खाली विश्वामित्रीच्या काठाकडे बघत राहा. नशीब असेल तर ऊन खात पडलेली दिसेल, कारण अंगात ऊब हवी तर ती तिला बाहेरूनच घ्यावी लागते. शिकार करते ती पाण्याच्या कडेला, दबा धरून. जोर प्रचंड, पण थोडाच वेळ, लवकर दमते. काठात बीळ खणते. उन्हाळ्याच्या तोंडाला वाळूत अंडी घालते, पावसाच्या सुमाराला पिल्लं निघतात आणि तोवर मादी घरट्याच्या आसपास राखण करते. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी सोसायट्यांत शिरल्या, त्या काही आपल्याला शोधत आल्या नव्हत्या. नदी आली, तिच्याबरोबर त्या आल्या.

आता नियम लिहायला घे. पहिल्या राऊंडला झडप. लागली तर दुसऱ्यापासून पकडलेल्याला पाण्याकडे ओढायचं, राऊंडला 10 फूट. इथे खेळ बदलतो, कारण पोरांना आता तिला मारायचं नसतं, आपल्या माणसाला सोडवायचं असतं. चार पाळ्या असूनही हात कमी पडतात. तिसऱ्या राऊंडच्या शेवटी जबड्यात कोणी नसेल तर ती पाण्यात गेली, पुन्हा त्या दिवशी येणार नाही. पॉइंट 40 च ठेव, पुरेत.

पळण्याचा नियम मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या 1981 च्या आवृत्तीतून उचलला आहे. तिथे प्रत्येक प्राण्याला धीराचा एक आकडा असतो, 2 ते 12. दोन साधे फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की धीर सुटला. आकडा 7 असेल तर 36 पैकी 15 वेळा पळणार. माझ्या टेबलावर निम्मे पॉइंट गेले की मी हे फासे टाकते. तुझ्या मगरीला एरवी 7 दे. घरट्यावर असेल तेव्हा 12, म्हणजे ती हटणारच नाही. पण घरट्यापासून 30 फुटांच्या पलीकडे पाठलागही करणार नाही. वळसा घालून जाणाऱ्यांनाही अनुभवाचे पॉइंट दे, कंजूसपणा करू नको.

आणि एक गंमत. बगळे घरटी बांधायच्या दिवसांत मगरी नाकावर काटक्या घेऊन निश्चल पडून राहतात, असं काही संशोधकांनी 2013 साली लिहिलं. मुद्दाम करतात का, यावर वाद घालायचा तो प्राणिशास्त्रवाल्यांनी घालावा. आपण काटकी घ्यावी. प्रवाह वाहतोय आणि मधोमध एक काटकी जागची हलत नाही, एवढं वर्णनात सांग. "ती वाहून का जात नाही?" असं जो विचारेल, त्याच्यावरची पहिली झडप हुकली. काटकी न सांगता झडप घातलीस तर मात्र तो चावटपणा झाला, आणि मग मोबाइल निघाले तर रडत येऊ नको.

प्रश्न : माझी नात आणि तिच्या मैत्रिणी असले खेळ खेळतात. त्यातली भुतंखेतं सगळी परदेशी. आपला चकवा, मुंजा, साती आसरा घेता येतील का? की ते बरं नव्हे? (कारेलीबाग)

उत्तर : घ्या की! फक्त साती आसरांना मी घेत नाही. त्यांची ओटी भरणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांच्या देवतेला हिट पॉइंट द्यायचे माझ्याच्याने होणार नाही.

मुंज्याला तर पॉइंट देऊच नका. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला, म्हणून पोर पिंपळावर अडकलं. तलवारीने त्याचं काय होणार? त्याची सोडमुंज करा. बटू काशीला निघतो आणि मामा "मुलगी देतो" म्हणून परत वळवतो, तेवढं घडलं की तो सुटला. आमच्याकडे दोन तास मामा शोधण्यात गेले. शेवटी टोळीतला बुटका चोर मामा झाला, आणि आता त्याच्यावर एक मुलगी देणं लागतं.

चकव्याला अंगच नसतं, तेव्हा त्याचा नियम नकाशात टाकावा. मुलींना वाट स्वतः काढू द्या. प्रत्येक चौरस्त्यावर पडद्याआड फासा टाका. 1 आला तर तुमच्याकडचा नकाशा गुपचूप पाव वळसा फिरवा आणि पुढच्या दिशा त्यावरून सांगा. थोड्या वेळाने त्या त्याच विहिरीपाशी येतील. आमची आजी सांगायची, चकवा लागला तर चालू नये, बसून राहावं, तांबडं फुटलं की वाट दिसते. खेळातही तोच उतारा. बसल्या की सुटल्या, मात्र कंदिलातलं तेल संपतं.

प्रश्न : भटका प्राणी समोर येतो का, हे बघायचा फासा किती वेळाने टाकावा? (रावपुरा)

उत्तर : तळघरात जुना नियमच बरा. खेळातल्या दर 20 मिनिटांना सहा बाजूंचा एक फासा, 1 आला तर कोणीतरी आलं. तासात तीनदा टाकलात तर निदान एकदा गाठ पडायची शक्यता 216 मध्ये 91, म्हणजे शेकडा 42. पण आलं म्हणजे लढाईच असं नाही. आणखी दोन फासे टाका, त्याची मर्जी बघायला. बेरीज 2 आली तरच सरळ हल्ला, आणि ती 36 मध्ये एकदाच येते. 6 ते 8 मध्ये 16 वेळा, तेव्हा तो नुसता बघत उभा राहतो. बोलायला तोंड उघडा.

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची आहे, तिला स्वतःचे प्राणी बनवायचेत. सुरुवात कुठून करू? (अलकापुरी)

उत्तर : मांडवीच्या बाजारातून. थट्टा नाही. 1974 साली आलेला या जातीचा पहिला खेळ, डन्जन्स अँड ड्रॅगन्स, रचणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स यांनी हाँगकाँगची स्वस्त प्लास्टिकची खेळणी आणून त्यांतले विचित्र प्राणी टेबलावर ठेवले. घुबडतोंड्या अस्वलाचा जन्म तिथलाच. लोखंड गंजवून खाणारा किडाही तिथलाच, आणि तो माझा लाडका. माणसाला काही करत नाही, फक्त चिलखत खातो. मरणाला न भिणारी पोरं त्याला बघून पळत सुटतात.

तेव्हा दोन-तीन स्वस्त प्राणी आणा, कापा, एकाचं डोकं दुसऱ्याला चिकटवा, आणि तो काय खातो ते तिलाच ठरवू द्या. गणपतीचा उरलेला रंगही चालेल. फक्त ओला असताना टेबलावर आणू देऊ नका. आमच्या नकाशावर एक हिरवं तळं अजून आहे, जे मी कधी काढलंच नव्हतं.