थांबा म्हणायची दोरी

“मॅडम, दात काढताना हृदय बंद पडलं तर?”

मी समुपदेशक. गेल्या काही वर्षांत ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता दारातून येणाऱ्या माणसाचा गालावरचा हात पाहूनच मला तो ऐकू येतो. वाशीहून येणाऱ्या, पेसमेकर बसवलेल्या आजी. ऐरोलीच्या आयटी पार्कमधला तिशीचा मुलगा, ज्याचे ठोके बसल्याबसल्या दीडशेच्या वर जायचे. ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार प्रत्येकाचा वेगळा, पण वागण्याची तऱ्हा एकच. लवंगेचं तेल लावायचं, एका बाजूने चावायचं, दुखलं की गोळी घ्यायची आणि दाताच्या डॉक्टरची पायरी चढायची नाही. म्हणून आज एका काकांबद्दल लिहिते. त्यांना विचारून, पण नाव न सांगता.

काका बासष्ट वर्षांचे. उभी नोकरी बसच्या कंडक्टरकीत गेलेली. दोन वर्षांपूर्वी एका रात्री छातीत कबुतर फडफडल्यासारखं झालं आणि ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाच पट वाढतो, म्हणून काकांना रक्त पातळ ठेवणारी ॲपिक्साबानची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू होती.

उजवीकडची खालची दाढ किडून तिच्या मुळाशी पू झाला होता. सात महिने काकांनी भाकरी खाल्ली नव्हती. काकू दुधात पोळी कुस्करून द्यायच्या.

पहिल्याच भेटीत ते सहज बोलून गेले, “गोळी बंद केलीय तीन दिवस. शेजारचे म्हणाले, दात काढायच्या आधी पाच दिवस बंद ठेवतात.”

“डॉक्टरांना विचारलंत?”

“त्यात काय विचारायचं? पण गेलो नाही अजून. धीर होत नाही.”

दात काढलेला नाही आणि गोळीही बंद! मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि त्यांना माझ्यासमोर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले, आत्ताच्या आत्ता गोळी सुरू करा. लेख अर्धवट सोडणार असाल तर एवढं तरी घेऊन जा: रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एखादा दात काढायला बहुतेक वेळा ती बंद करावी लागतच नाही. दात काढल्यावर रक्त जास्त वेळ झिरपेल, पण ते कापसाच्या बोळ्याने, टाक्याने, दाबून थांबवता येतं. मेंदूत गेलेल्या गुठळीवर बोळा ठेवता येत नाही. गोळी चालू ठेवायची, की त्या सकाळची एक वेळ पुढे ढकलायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतात. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना आदल्या दिवशी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी करावी लागते.

काका घाबरत होते ते उगाच नव्हे. सहा महिन्यांपूर्वी ते एका दवाखान्यात गेले होते. खुर्ची मागे झुकली, इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या मिनिटात छाती धाडधाड उडायला लागली. तोंडात कापूस. त्यांनी हात हलवून काही सांगायचा प्रयत्न केला. “काही होत नाही हो, हलू नका,” एवढंच उत्तर आलं. काका गळ्यातल्या त्या निळ्या कागदी रुमालासकट उठले आणि थेट रिक्षात बसले.

“तुम्हाला हृदयाचा त्रास आहे हे त्यांना सांगितलं होतंत?”

“नाही. म्हटलं, दाताचा न् हृदयाचा काय संबंध. आणि सांगितलं असतं तर हातच लावला नसता त्यांनी.”

संबंध असतो, आणि तो समजला की निम्मं ओझं उतरतं. दात बधिर करायला जे लिग्नोकेन देतात त्यात थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, ८० हजारांत एक किंवा दोन लाखांत एक इतक्या प्रमाणात. त्याने बधिरपणा टिकतो, रक्त कमी येतं. त्यातलं काही चुकून थेट रक्तवाहिनीत गेलं, तर एक-दोन मिनिटं छाती धडधडते आणि ओसरते. म्हणून सुई टोचल्यावर आधी थोडं मागे ओढून रक्त येतंय का पाहतात आणि मग औषध सावकाश सोडतात. हृदयरुग्णांना एका वेळी द्यायच्या ॲड्रेनालिनची मर्यादा रूढ आहे, ०.०४ मिलिग्रॅम. गरज पडली तर ॲड्रेनालिन नसलेलं बधिरीचं औषधही असतं. पण हे सगळं डॉक्टरांनी करायचं, तर त्यांना आजार माहीत हवा. दुसरीकडे, दात नीट बधिर झाला नाही तर दुखण्याने आणि भीतीने आपलं शरीर स्वतःच ॲड्रेनालिन सोडतं, आणि त्याला मर्यादा घालणारं कोणी नसतं.

काकांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना फार आवडली. हेच लिग्नोकेन हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली बिघडलेली लय आवरायला अतिदक्षता विभागात शिरेतून देतात. “म्हणजे ते आपल्याच बाजूचं आहे,” काका म्हणाले.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची. प्रसंग आणि भीती यांच्यामध्ये एक वाक्य दडलेलं असतं, ते वाक्य शोधायचं, अशी माझी कामाची रीत. काकांचं वाक्य मला उघड दिसत होतं: धडधड म्हणजे मरण. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर त्यांच्या खिशात असायचा आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा ते बोट घालून ठोक्यांचा आकडा बघायचे.

“काका, तलावपाळीला फेऱ्या मारता ना? तेव्हा आकडा किती होतो?”

“एकशे दहा. कधी एकशे पंधरा.”

“तेव्हा भीती वाटते?”

“तेव्हा चालतोय ना मी!”

“आणि दाताच्या खुर्चीत?”

“तिथे पण एकशे दहाच असेल.” मग बराच वेळ गप्प. “आकडा तोच आहे की.”

हे त्यांना पटलं. ऑक्सिमीटर दिवसाला तीन वेळांवर आला. तरी दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की पाय मागे. चौथ्या भेटीत ते म्हणाले, “तुम्ही लिहून द्या मॅडम, काहीही होणार नाही म्हणून. उद्या जातो.”

“नाही देत लिहून. कोणीच देऊ शकत नाही. बस सुटताना तुम्ही प्रवाशांना लिहून द्यायचात का, गाडी वाटेत बंद पडणार नाही म्हणून?”

ते हसले. “असं कोण देणार? पण बंद पडली तर काय करायचं ते मला ठाऊक असायचं.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ ओढली, आणि तरीही तिथल्या तिथे मला ते पूर्ण कळलं नाही. मी मरणाच्या भीतीशी बोलत होते. काका भलतंच काही सांगत होते.

पाचव्या भेटीत मी त्यांना माझ्या आरामखुर्चीत मागे रेलायला सांगितलं. डोळे मिटा, तोंड उघडं ठेवा, दाढांमध्ये कापसाची गुंडाळी धरा आणि तो दिवस मनात पुन्हा येऊ द्या. मी हळूहळू सांगत गेले: दिवा तोंडावर आलाय, सुई टोचली, छाती धडधडायला लागली. काकांचा श्वास वाढला. कपाळावर घाम. आणि त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. वर, डोक्याच्याही वर. बोटं हवेत काहीतरी चाचपत होती, अर्धवट मिटत होती, उघडत होती.

मी बोलायची थांबले. खोलीत पंख्याचा आवाज. हात तसाच वर.

“काका, हा हात काय शोधतोय?”

त्यांनी डोळे उघडले, आपल्या हाताकडे पाहिलं, कापूस काढला.

“दोरी,” ते म्हणाले.

जुन्या बसमध्ये छताच्या कडेने घंटीची दोरी असायची. एकदा ओढली की सिंगल बेल, गाडी थांबवा. दोनदा ओढली की डबल बेल, चला. सगळी नोकरी काकांनी न बोलता, त्या दोरीने अवजड गाड्या थांबवल्या होत्या.

“त्या खुर्चीत माझ्या हातात दोरी नाही मॅडम,” काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तोंडात कापूस. मी थांबा कसं म्हणणार? मेलो तरी चालेल एक वेळ, पण असं मुक्याने...”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी मोजकेच पाहिलेत. दडलेलं वाक्य ‘धडधड म्हणजे मरण’ हे नव्हतंच. ते होतं, ‘मला थांबवता येणार नाही, आणि कोणी ऐकणार नाही’. वाद घालून हे वाक्य हलणार नव्हतं, कारण सहा महिन्यांपूर्वी त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं हे खरंच होतं. त्यानंतर मी असा प्रश्न घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारते: तुम्हाला ठोका चुकायची भीती आहे, की तोंड उघडं असताना गप्प राहावं लागेल याची? निम्म्याहून अधिक लोक दुसऱ्या प्रश्नाशी थबकतात. वाशीच्या आजी तर म्हणाल्या, “अगं, हे मला कोणी विचारलंच नाही.”

पुढचं काम भराभर झालं. हृदयाच्या डॉक्टरांकडून पत्र घेतलं: आजाराचं नाव, गोळ्यांची नावं आणि डोस, ॲपिक्साबान बंद करू नये. घराजवळच्या एका दंतवैद्य बाईंकडे काका नुसते बोलायला गेले. दात दाखवायला नव्हे, बोलायला. हे मी सगळ्यांना सुचवते. पहिली भेट खुर्चीत न झोपता, टेबलासमोर बसून. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या. सकाळची वेळ मागायची, उपाशी जायचं नाही, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर नेहमीच्या गोळ्या घेऊनच जायचं. काकांना वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल दिलं, कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर रक्तस्राव वाढवतात. दाताच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल वॉरफेरिनचा परिणाम वाढवतं. काही जणांच्या ईसीजीत क्यूटी नावाचं ठोक्यामधलं अंतर लांबलेलं असतं, त्यांना काही अँटिबायोटिक्स चालत नाहीत. नुसत्या लय बिघडण्याच्या आजाराला किंवा पेसमेकरला दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक लागत नाही. कृत्रिम झडप बसवलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी आवर्जून विचारावं. पेसमेकरवाल्यांनी ओळखपत्र दाखवावं, म्हणजे दात साफ करायचं यंत्र आणि विजेवर जाळून रक्त थांबवायची साधनं कोणती वापरायची हे आधी ठरतं. हे सारं मी सांगते ते अनेक डॉक्टरांशी बोलून, पण तुमचा निर्णय तुमच्याच डॉक्टरांचा. आणि छातीत दुखतंय, चक्कर येतेय, दम लागतोय, शुद्ध हरपल्यासारखं वाटतंय, तर समुपदेशकाचा नंबर फिरवू नका, १०८ लावा.

काकांनी त्या बाईंना बेलची गोष्ट सांगितली. खुर्चीच्या दांड्यावर एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्यांनी लगेच मान्य केलं, मदतनीस मुलीलाही सांगून ठेवलं. माझ्याकडे आम्ही तीनदा तालीम केली. काकू डॉक्टर झाल्या होत्या, हातात चमचा घेऊन. त्या तालमीत काकांची छाती धडधडायची, ते एकदा टकटक करायचे, काकूंचा चमचा जागच्या जागी थांबायचा. चमचा थांबलेला पाहिला की त्यांचे खांदे खाली यायचे. धडधड मात्र तशीच असायची. ती घालवायची मी कधीच मागे लागले नाही. ती असूनही बसता येणं, एवढंच हवं होतं.

दाढ एका गुरुवारी सकाळी निघाली. दोन टाके पडले, बोळा अर्धा तास जास्त दाबून धरावा लागला. दुपारी काकूंचा फोन आला. काका नंतर आठवड्याने स्वतः आले. गाल उतरला होता.

“धडधड झाली?”

“झाली की. इंजेक्शनच्या वेळी झाली, मग मध्ये पण झाली.”

“सिंगल बेल किती वेळा दिलीत?”

“एकदाच.” ते जरा पुढे झुकले. “खरं सांगू? तेव्हा काही होत नव्हतं. बाई थांबतात की नाही, ते बघायचं होतं.”

“मग?”

“हात वर केले त्यांनी, दोन्ही. म्हणाल्या, काका, सावकाश. मी छताकडे बघत पडलो थोडा वेळ. मग डबल दिली.”