टेपचा शून्य कुठं धरायचा?

प्रश्न : सर, मी सेलू तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा तास घेतो. शाळेमागची जागा मोजली तर ९४ मीटर लांब अन् ५८ मीटर रुंद भरली, त्यात आम्ही फुटबॉलचं ग्राउंड आखलं. पण शेजारच्या गावची टीम आली अन् म्हणली तुमचा पेनल्टी बॉक्स लहान आहे. आम्ही तर गोलच्या मधोमध टेप धरून दोन्हीकडं बरोबर १६.५ मीटर मोजले होते. दुसरं म्हणजे बॉल रेषेवरच थांबला तर गोल द्यायचा का नाही, यावरून पोरं अजून भांडू लागलीत.
– एक क्रीडाशिक्षक, सेलू

उत्तर : सर, तुमचा आकडा बरोबर आहे, टेपचा शून्य चुकला. ते १६.५ मीटर गोलच्या मधून नाही, खांबाच्या आतल्या कडेपासून बाहेर मोजायचे. गोल ७.३२ मीटर रुंद, त्याच्या दोन्ही अंगाला १६.५, म्हणजे बॉक्स भरतो ४०.३२. तुमचा भरला ३३. पाहुणे बरोबर बोलले, तुमच्या बॉक्समधून आख्खा गोलच गायब झालाय! (असले तिरपागडे आकडे का, तर मूळ मापं यार्डात आहेत, गोल ८ यार्ड, बॉक्स १८ यार्ड.)

आता जागा. चारी बाजूंनी दोन-दोन मीटर सोडा, ९० बाय ५४ राहतं. नियमात लांबी ९० ते १२०, रुंदी ४५ ते ९०, म्हणजे तुम्ही काठावर पास. कडेला बाभळीचं कुंपण असेल तर मात्र अजून आत घ्या, लहान पोरांसाठी ग्राउंड छोटं केलेलं चालतं, काट्यात पडलेलं पोरगं चालत नाही.

कोपरा काटकोनात आणायला गावातल्या गवंड्याला बोलवा, तो घराचा पाया आखताना तीन-चार-पाच करतोच (एका बाजूवर तीन, दुसरीवर चार अन् तिरकं पाच भरलं की काटकोन), तुम्ही तेच ६, ८ अन् १० मीटरवर करा. मग दोन्ही कर्ण मोजा, ९० बाय ५४ ला दोन्ही १०४.९६ यायला पाहिजेत, म्हणजे १०५ ला चार सेंटीमीटर कमी. नायलॉनची दोरी वापरू नका, ती ताणली की लांबते अन् कर्ण तुम्हाला खोटं सांगतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खुंटी भेगेत ठोकली तर हलतीच, तेवढी जागा बघून ठोका.

यापुढं ५४ मीटरच्या गोल लाइनवर टेप कोपऱ्यापासून एकदाच पसरा अन् खुणा करत जा : ६.८४ वर मोठा म्हणजे पेनल्टी बॉक्स, १७.८४ वर त्याच्या आतला छोटा बॉक्स, २३.३४ वर खांबाची आतली कड. दुसऱ्या कोपऱ्यातून परत तेच. मोठा बॉक्स आत १६.५, छोटा ५.५. पेनल्टीचा ठिपका मात्र गोलच्या मधूनच, ११ मीटरवर. त्या ठिपक्यात खुंटी ठोकून ९.१५ ची सुतळी फिरवली की बॉक्सच्या बाहेर जो तुकडा येतो तो ‘डी’, आतला आखायचाच नाही. हा डी बॉक्सचा भाग नाही बरं का, तिथं फाऊल झाला तर पेनल्टी नाही. पेनल्टी मारताना बाकीचे बॉलपासून ९.१५ लांब रहावेत एवढ्यासाठीच तो आहे, अन् आला पण उशिरा, १९३७ साली. मधलं वर्तुळ त्याच सुतळीनं होतं.

भांडणाचं म्हणाल तर ते क्रिकेटच्या सवयीचं आहे. तिकडं बॅट रेषेवर असली तर आऊट, म्हणून पोरांना वाटतं रेष म्हणजे बाहेर. फुटबॉलमधी रेष आतलीच धरतात, सगळी मापं पण रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरतात. बॉल आख्खा रेषेपलीकडं गेला तरच गोल, वरून बघितल्यावर बॉलची कड रेषेवर केसभर जरी दिसली तरी नाही. म्हणून रेष अन् खांब एकाच जाडीचे लागतात, १२ सेंटीमीटरच्या वर नाही. तुमची फक्की हातानं टाकलेली असेल तर कुठं वीतभर कुठं चार बोटं झाली असणार, मग भांडण होणारच की. दोन्हीकडं सुतळी बांधा अन् मधी टाका.

आणि हो, फक्की चुन्याची असेल तर बंद करा. ओल्या अंगाला लागून भाजते, डोळ्यात गेली तर विचारूच नका. खडूची पावडर घ्या, पाऊस झाला की परत टाकावी लागते पण खुंट्या तशाच ठेवल्या असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे.